गोष्टीचा चढ

आमच्या बाबांचं चष्म्याचं दुकान होतं, आणि कुणालाही काही आयतं द्यायचं त्यांच्या जिवावर यायचं. गिऱ्हाईक उंच खुर्चीत बसून समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचत खाली खाली यायचं, शेवटच्या ओळीशी अडायचं आणि केविलवाण्या आवाजात म्हणायचं, "तेवढी शेवटची ओळ सांगून टाका ना." बाबा भिंग बदलायचे, पुन्हा बदलायचे, पण ओळ सांगायचे नाहीत. "मी सांगितली तर ती मी वाचलेली होईल. तुम्ही कुठे वाचलीत?" चिडून उठून गेलेली गिऱ्हाइकं मी पाहिली आहेत. बहुतेक परत यायची, कारण बाबांनी काढलेला नंबर चुकत नसे.

रविवारी दुकान बंद. त्या दिवशी आम्ही तिघं सायकलींवर निघायचो. पुढे बाबा, मध्ये दादा, शेवटी मी. बाबा मला शेंडेफळ म्हणायचे, दादाने त्याचं सुटसुटीत 'शेपूट' करून टाकलं होतं. आई दारात उभी राहून म्हणायची, "करा एकदाची तोंडं काळी, मला एक सकाळ तरी मिळू दे," आणि आम्ही कोपऱ्यावरून वळेपर्यंत हात हलवत राहायची.

गावाबाहेरचा तो रस्ता कधी एका पातळीवर गप्प बसला नाही. चढ, उतार, पुन्हा चढ. उतारावर कमावलेला वेग पुढच्या चढाच्या निम्म्यापर्यंत पुरायचा, त्यापुढे आपले पाय आणि आपलं नशीब. दोन्हीकडे शेतं, मध्येच एखादं झाड, आणि अधूनमधून कुठल्या तरी जुन्या काळाने मागे सोडलेलं दगडी बांधकाम. आधी नदीवरचा कमानींचा पूल, मग छप्पर उडालेला जकातनाका, मग टेहळणीचा बुरूज आणि सगळ्यात वर, टेकडीच्या माथ्यावर, किल्ला. बाबा प्रत्येक ठिकाणी थांबायचे, आम्हाला पाणी पाजायचे आणि गोष्टीचा एक तुकडा सांगायचे. पुढचा तुकडा पुढच्या चढानंतर.

गोष्ट एका निरोप्याची होती. राजाचा तातडीचा निरोप घेऊन तो किल्ल्याकडे निघालेला. पुलाशी आला तर नदीला पूर, घोडा वाहून गेला. जकातनाक्यावर नाकेदार आडवा आला, जकात दिल्याशिवाय सोडेना, म्हणून याने पायातले बूट काढून दिले आणि अनवाणी पळत सुटला. बुरुजावरून मागे पाहिलं तर शत्रूच्या घोड्यांची धूळ. मग शेवटचा चढ तो जीव खाऊन पळाला, दरवाजाशी पोचला, आणि आतून दरवानाने परवलीचा शब्द विचारला. शब्द आठवेना. धावता धावता डोक्यातून पार निघून गेला होता. आणि आतला दरवान कोण, तर याचाच सख्खा भाऊ. त्याने आवाज ओळखला. पण परवलीच्या शब्दाशिवाय दरवाजा उघडायचा नाही, हा किल्ल्याचा नियम.

"मग उघडला का?" मी दर वेळी विचारायची.

"ते वर," बाबा म्हणायचे.

वर म्हणजे किल्ल्याच्या दरवाजाशी. बुरुजापासून तिथपर्यंतच्या चढाला आम्ही गोष्टीचा चढ म्हणायचो, आणि त्याचा कायदा एकच होता: पाय टेकला की गोष्ट गेली. एक पाय जरी जमिनीला लागला, तरी निमूटपणे खाली बुरुजाशी जायचं आणि बाकीचे येईपर्यंत थांबायचं. माझी सायकल मामेबहिणीला लहान झालेली, लोखंडी, माझ्याहून वजनदार. अर्ध्या चढावर एक वळण होतं, तिथे कडेला कलंडलेला मैलाचा दगड होता, आणि त्या दगडाशी दर रविवारी माझा पाय टेकायचा. मांड्या पेटलेल्या, लाल टोपी डोळ्यांवर आलेली. बाबा आणि दादा केव्हाच पुढच्या वळणाआड गेलेले असायचे.

मी बुरुजाशी बसून एका दगडाने दुसरा दगड ठेचत राहायची. बऱ्याच वेळाने दोघं खाली यायचे. "उघडला का दरवाजा?" मी विचारलं की दादा शीळ थांबवून म्हणायचा, "काय शेवट आहे, शेपूट! ऐकशील तर वेडी होशील." त्याचा गळा दाबावासा वाटायचा. बाबा माझी टोपी सरळ करायचे आणि म्हणायचे, "पुढच्या रविवारी."

मग एका वर्षी बाबांना हृदयाचा झटका आला आणि डॉक्टरांनी सायकल बंद केली. रविवार आले तसे जाऊ लागले. मी त्यांच्या पलंगाशी बसून म्हटलं, "बाबा, आता तरी सांगा. आता कसला आलाय नियम?" ते हसले. "तू चढशील तो चढ," म्हणाले, "मग कळेल." त्याच वर्षी ते गेले, आणि गोष्टीचा शेवट तिकडे टेकडीवर राहिला.

मेलेल्या माणसावर रुसता येत नाही, म्हणून मी चढावर रुसले, किल्ल्यावर रुसले आणि सगळ्यात जास्त दादावर. शेवट ठाऊक असलेला जगात आता तो एकटाच होता. पुढे नवऱ्याने कितीदा सांगितलं, चल, गाडीने जाऊन बघून येऊ तुझा किल्ला. मी म्हटलं, गाडीने गेलेल्याला गोष्ट मिळत नाही. दुकान आधी आईने सांभाळलं, मग मी. तक्त्यावरची शेवटची ओळ मीही कुणाला सांगत नाही. रक्तातच आहे, त्याला इलाज नाही. जेवायला सगळे जमले की मी दादाला हटकून डिवचायची, "सांग की रे, उघडला का?" तो मान खाली घालून ताटातलं चिवडत बसायचा. मी मनात म्हणायची, काय हा शिष्टपणा!

मग एके दिवशी दुकानात मी एका चष्म्याच्या काडीचा स्क्रू शोधत होते. हे स्क्रू मोहरीएवढे, हातातून सुटले की जमिनीत जिरल्यासारखे नाहीसे होतात. त्यासाठी बाबांनी एक लोहचुंबक दोरीला बांधून ठेवलं होतं, ते अजून आहे. मी गुडघ्यांवर बसून खुर्चीखाली चुंबक फिरवत होते, तेवढ्यात वहिनीचा फोन आला.

"तुझ्या दादाचा गुडघा बदलायचं ठरलंय," ती म्हणाली. "आणि हा माणूस सायकल भंगारात द्यायला निघालाय. डॉक्टर म्हणाले, नंतर हळूहळू चालवता येईल. पण हा ऐकेल तर शपथ! दिवसभर खिडकीत बसून असतो गं. काल मला म्हणाला, आपलं आटोपलं आता."

ते ऐकून मी खालीच बसले. दादा 'आटोपलं' म्हणणाऱ्यांतला नव्हता. त्याने जन्मभर बस कंपनीत वेळापत्रकं केली. बस बंद पडो, पूल खचो, त्याचं म्हणणं एकच, "रद्द काही नसतं, फक्त उशीर असतो." त्या माणसाने आटोपलं म्हणावं, याची मला भीती वाटली. आणि खोटं कशाला बोलू, शेवट कायमचा हातचा जाईल अशीही भीती वाटली.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. सायकल जिन्याखालच्या बोळात उभी होती, दोन्ही टायर बसलेले, सीटवर कुणीतरी जुनी वर्तमानपत्रं ठेवलेली. वाकड्या हँडलची, खालच्या दांडीवर गिअरचे खटके असलेली ती पोलादी सायकल दादाने पहिल्या पगारातून घेतली होती. तो आत खिडकीत बसला होता, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी.

"ऑपरेशनच्या आधी गोष्टीचा चढ चढायचाय," मी सांगून टाकलं.

"कोणाला?"

"मला. आणि तू सोबत यायचंस. शेवट सांगायला माणूस नको का? उद्या तुझं काही बरंवाईट झालं म्हणजे?"

"अगं, गुडघ्याचं ऑपरेशन आहे," वहिनी स्वयंपाकघरातून ओरडली. "जीभ शाबूत राहणारे त्याची. नशीब माझं!"

"मग इथेच सांग," मी म्हटलं. "आत्ता. मी पिच्छा सोडते."

दादाचा चेहरा एकदम उतरला. त्याने पिशवी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर घेतली. दुसरा गुडघा चांगला होता.

"वरच सांगेन," तो म्हणाला. "पण तू पाय टेकलास तर नाही."

"आणि तू रे?"

"मी कधी टेकलाय का?"

त्यानंतर रोज सकाळी दुकान उघडण्याआधी मी उड्डाणपुलाचा चढ चढत होते. भाचीने तिची हलकी, भरपूर गिअरची सायकल दिली होती. पहिल्या सकाळी पुलाच्या मध्यावर दूधवाला मला मागे टाकून गेला, तोही हसत. पुढे पुढे मी त्याच्या बरोबरीने जाऊ लागले, तेव्हा त्याने हसणं सोडून घंटा वाजवली. मला अभिमान वाटला, उगाच का नाही म्हणू?

रविवार ठरला. दादाने सायकलच्या टायरांत हवा भरून घेतली. वहिनीने दोघांच्या पिशव्यांत केळी कोंबली आणि दारातून म्हणाली, "गुडघा त्याचा, हौस तुझी आणि काळजी माझी. या आता." तिने हातही हलवला. मला आईची आठवण झाली आणि मी पटकन पेडल मारलं.

दादा पुढे, मी मागे. समोरून वारा होता, तो त्याच्या पाठीवर अडत होता. इतक्या वर्षांनी त्याच्या मागच्या चाकाकडे बघत जाताना माझ्या लक्षात आलं, की याची पाठ आता हुबेहूब बाबांची झाली आहे. डावा खांदा थोडा खाली, शर्टाची तीच चुणी. मला फार बरं वाटलं, आणि लगेच फार वाईटही वाटलं.

पुलावर थांबून त्याने गोष्ट सुरू केली. न सांगता, आपणहून. "...आणि त्याचा पांढरा घोडा वाहून गेला."

"तपकिरी," मी म्हटलं.

"पांढरा गं. बाबा नेहमी पांढरा म्हणायचे."

"तपकिरी. पांढरा घोडा मी रडून बदलून घेतला होता. पांढरा मेलेला मला चालत नव्हता."

"तुझं रडणं बाबांनी ऐकलं असेल, मी नव्हतं ऐकलं," दादा म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी मोकळा हसला. जकातनाक्याला आता पत्र्याचं छप्पर होतं आणि आत कुणीतरी रोपं विकायला ठेवली होती. नाकेदाराने बूट घेतले तो तुकडा आम्ही कुंड्यांच्या मध्ये उभे राहून सांगितला, रोपंवाली आमच्याकडे बघत राहिली.

बुरुजाशी पोचेपर्यंत दादाचा गुडघा सुजला होता. त्याने पट्टी सोडून पुन्हा बांधली. शत्रूची धूळ, शेवटची धाव, विसरलेला शब्द, आतला भाऊ, सगळं त्याने खालच्या आवाजात सांगितलं, आणि तिथे थांबला. मी म्हटलं, "राहू दे दादा. परत फिरू. तुझं तोंड पांढरं पडलंय."

"पांढरा घोडा नाही चालत, तोंड चालतं," तो म्हणाला. "चल. हळू चढ. सुरुवातीला ताकद उधळू नकोस."

चढाला लागलो. सगळ्यात हलक्या गिअरवरही पाय लगेच जड झाले. मी रस्त्याकडे बघत राहिले, वर बघितलंच नाही. दादा माझ्या बाजूला होता, मला त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि गुडघ्याचा कट्कट् आवाजही. वळण आलं. मैलाचा दगड होता, आणखी कलंडलेला, जवळजवळ आडवाच. त्याला बघितलं आणि माझा उजवा पाय सवयीने पेडलवरून उठला. खरंच उठला. त्याच क्षणी शेजारी बूट रस्त्यावर घासल्याचा आवाज झाला.

"टेकला," दादा म्हणाला.

मी मान वळवायला लागले.

"मागे बघू नकोस! थांबलीस तर बघ! जा वर, शेपूट, जा!"

मी गेले. पाय परत पेडलवर ठेवला, उभी राहिले, सगळं अंग हँडलवर टाकलं आणि गेले. वळणाच्या पुढचा रस्ता मी कधी बघितलाच नव्हता. तो आणखी एकदा वळत होता, एक पडकी भिंत येत होती, मग चढ एकदम सैल झाला आणि मी सपाटीवर होते. समोर कमान होती. मी तिच्यातून आत गेले आणि मगच पाय टेकला.

दरवाजा नव्हता. नुसती दगडी कमान, दोन्ही बाजूंना अडसर बसवायची खोल भोकं आणि वर उगवलेलं गवत. कडेला एक फलक लावला होता. ही वास्तू किल्ला नसून जुन्या काळातलं धान्याचं कोठार असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे, असं त्यावर होतं. मी तिथे एकटी उभी राहून मोठ्याने हसले. धान्याच्या कोठाराला कसला परवलीचा शब्द आणि कसला दरवान! बाबांनी आम्हाला पुलापासून माथ्यापर्यंत शुद्ध थापांवर चढवत आणलं होतं.

दादा बऱ्याच वेळाने आला, सायकल ढकलत, लंगडत. त्याने ती कमानीला टेकवली आणि बुटक्या भिंतीवर बसला.

"पोचलीस," तो म्हणाला.

"पोचले. सांग आता."

"आधी इथे येऊन बस. इथे, या दगडावर. आणि खाली बघ."

मी बसले. खाली वळण दिसत होतं आणि कलंडलेला दगड, अगदी स्पष्ट.

"बाबा इथे बसायचे," दादा म्हणाला. "वर आलो की पाणीही न पिता इथे येऊन बसायचे. इथून तुझी लाल टोपी दिसायची. टोपी दगडाजवळ आली की बाबा उठून उभे राहायचे. 'आज येते बघ,' म्हणायचे. दर रविवारी, न चुकता. मग टोपी थांबायची. ते आणखी थोडा वेळ उभे राहायचे आणि म्हणायचे, 'चल, एकटी बसली असेल.'"

मी खालच्या त्या दगडाकडेच बघत राहिले. दादा पुढे सांगत होता.

"पहिल्यांदा वर आलो तेव्हा मी म्हटलं, सांगा शेवट. तर म्हणाले, शेवट दोघांना मिळून सांगणार, ती आली की. तोवर तू तिला म्हणायचंस, काय शेवट आहे, म्हणजे ती जोर लावेल. मी हो म्हटलं. मजा वाटत होती. नंतर ते गेले, आणि तू मला विचारत राहिलीस. काय सांगणार होतो मी? शेवट नाहीच म्हणून? ते तुझ्यासाठी थांबले होते म्हणून? मला नाही जमलं गं. मला नाही माहीत तो दरवाजा उघडला का."

आधी मला राग आला. "जन्मभर तुझा हेवा केला मी!" मी म्हटलं. "जन्मभर!" आणि मग रडू आलं, ते चांगलं हुंदके देऊन. मी खाली बसून दगड ठेचत होते, हे दोघं माझ्याशिवाय वर मजा मारताहेत असं समजून. आणि वर हे दोघं माझी टोपी बघत उभे होते. बाबांनी आयुष्यात कुणाला शेवटची ओळ सांगितली नाही, पण मी ती वाचीन याची वाट बघितली. मला त्या क्षणी ते इतके हवे होते, की शेजारच्या रिकाम्या जागेकडे मला बघवेना.

"बाबांना तरी शेवट माहीत होता का रे?" नाक पुसून मी विचारलं.

"मला नाही वाटत," दादा म्हणाला. "पण ते कबूल कोणाकडे करणार?"

आम्ही दोघं हसलो. केळी खाल्ली. खालच्या शेतांवरून ढगांच्या सावल्या चढत-उतरत होत्या.

"बरं झालं आलो," थोड्या वेळाने तो म्हणाला. "आता हा चढ माझ्याच्याने परत व्हायचा नाही. सायकल देऊन टाकतो, बोळातली अडगळ तरी जाईल." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बरं, आता तूच सांग. वर तू आलीस, शेवट तुझा. उघडला का त्या भावाने दरवाजा?"

मी कमानीकडे बघितलं. भावाने काय केलं असेल, ते मला माहीत नव्हतं. काहीतरी सुचलं असतं, चष्मेवाल्याची मुलगी आहे, थापा मारायला मलाही येतात. पण दादाची सायकल कमानीला टेकलेली होती, आणि तिच्याकडे बघून मी तोंड मिटलं.

"सांगेन," मी म्हटलं. "पण तुला नाही."

"म्हणजे?"

"तू दगडाशी पाय टेकलास. पाय टेकला की गोष्ट गेली."

"अगं, माझा गुडघा..."

"नवा मिळतोय ना? मग."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "शेपूट, खरं सांग, तुला शेवट माहीत तरी आहे का?"

"काय शेवट आहे, दादा!" मी म्हटलं. "ऐकशील तर वेडा होशील."

तो वाकून खालच्या वळणाकडे, त्या दगडाकडे बघत बसला, जणू पेडलं मोजत होता. बऱ्याच वेळाने त्याने घसा साफ केला.

"उशीर होईल," तो म्हणाला.

"होऊ दे," मी म्हटलं. "मी इथेच बसलेली असेन."